ज्याला ते ‘ॲडव्हान्स्ड’ म्हणतात, ती आपली बाराखडी आहे

आजचा भाग इतिहासाचा आहे. तारखा आहेत, माणसं आहेत, एक लढाईसुद्धा आहे. फक्त ती लढाई गडासाठी नाही, पहिल्या वेलांटीसाठी आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलताना जे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात एका सेटिंगपासून करू. रस्ट या भाषेत ॲप लिहिण्यासाठी ‘आइस्ड’ नावाचं एक फ्रेमवर्क आहे. ते खिडक्या, बटणं, अक्षरं असं सगळं जीपीयूकडून काढून घेतं. जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप, जी तुमच्या फोनमध्ये गेम पळवते ती. या फ्रेमवर्कमध्ये २०२३ पासून मजकुरासाठी दोन पर्याय मिळायला लागले. एकाचं नाव ‘बेसिक’, दुसऱ्याचं ‘ॲडव्हान्स्ड’. बेसिक स्वस्त आणि वेगवान. ॲडव्हान्स्ड महाग, म्हणून गरज असेल तरच वापरा, असा सल्ला सोबत दिलेला. आणि तेव्हा काहीच निवडलं नाही तर बेसिक लागायचं.

आता ‘कार्तिकी’ हे नाव त्या बेसिकमध्ये टाका. नाव मोडतं. र पाय मोडून उघडा पडतो. त ची वेलांटी त ला सोडून पुढच्या क च्या डोक्यावर जाऊन बसते. तिथे कार्तिकी असं कुणी वाचणारच नाही.

मला त्या फ्रेमवर्कवर टीका करायची नाहीये. उलट त्यांनी दोन्ही पर्याय दिले आणि कागदपत्रांत स्पष्ट लिहिलं, हे कौतुकाचंच आहे. पण ते नाव बघा ना. पहिलीतलं पोर जे पाटीवर लिहितं ते ‘ॲडव्हान्स्ड’. हा शब्द आला कुठून, त्याच्यामागे काय काय घडलंय, तेच आज बघू.

आठ खुणा, एक नाव

आधी थोडं तंत्र, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कार्तिकी हा शब्द फोनच्या मेमरीत आठ खुणांचा असतो: क, काना, र, पाय मोडल्याची खूण, त, पहिली वेलांटी, क, दुसरी वेलांटी. आपण ज्या क्रमाने उच्चारतो त्याच क्रमाने. पण डोळ्यांना दिसणारा क्रम वेगळा. पहिली वेलांटी त च्या आधी येते. र चा रफार होऊन वर चढतो.

या आठ खुणांवरून कुठला आकार कुठे ठेवायचा, हे ठरवण्याच्या कामाला ‘शेपिंग’ म्हणतात. त्यातून जे तयार आकार निघतात त्यांना ‘ग्लिफ’ म्हणतात. पुढच्या पायरीवर त्या ग्लिफच्या वक्ररेषांचे ठिपके होतात, आणि शेवटी ते ठिपके स्क्रीनवर लागतात.

इंग्रजीत साध्या कामासाठी मधली पायरी गाळली तरी चालून जातं. ए म्हणजे ए चा आकार, बी म्हणजे बी चा आकार, एकामागे एक ठेवत जा. मराठीत ती पायरी गाळली की मराठी संपलीच. बस्, आजच्या सगळ्या इतिहासाचं मूळ या एवढ्याशा फरकात आहे. नवीन यंत्र आलं की ते बनवणारे आधी इंग्रजीवर चालवून बघतात, ‘एक खूण म्हणजे एक आकार’ असं धरून चालतात, आणि मग आपण दारात उभे.

यंत्राला जमत नाही? मग लिपी बदला

हे कॉम्प्युटरच्याही आधीपासूनचं आहे. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे दिवस आठवा, म्हणजे आपण ऐकलेले. देवनागरीसाठी कंपोझिटरसमोर शेकडो खिळे लागायचे, कारण जोडाक्षरं, रफार, वर-खाली लागणाऱ्या मात्रा, सगळ्यांची सोय करावी लागायची. इंग्रजीवाल्याचं काम त्याच्या मानाने फारच थोडक्या खिळ्यांत भागायचं.

त्यावर एक उपाय असा सुचवला गेला की लिपीच सुटसुटीत करू. सावरकरांच्या लिपिसुधारणेतली ‘अ ची बाराखडी’ तुम्ही ऐकली असेल. इ, ई, उ, ऊ ही वेगळी अक्षरं सोडायची आणि अ लाच वेलांट्या-उकार द्यायचे. त्यामागे इतरही विचार होते, पण छपाई आणि टंकलेखन सोपं व्हावं हा एक मोठा हेतू होता. टाइपरायटरवर तर कळांची संख्याच ठरलेली. तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची, कारण कागदावर ती आधी येते. म्हणजे माणसाने यंत्राच्या क्रमाने विचार करायचा.

एक कार्ड, एक प्रमाण आणि एक जुगाड

कॉम्प्युटरवर हा प्रश्न खऱ्या अर्थाने पहिल्यांदा सुटला तो भारतातच, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर काम सुरू झालं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि ते काम तिथे आलं. त्यातून निघालं ‘जिस्ट कार्ड’. कॉम्प्युटर उघडायचा, आत हे कार्ड बसवायचं, की डॉसमधल्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी दिसायला लागायची. गंमत बघा, आज आपण अक्षरं जीपीयूकडून काढून घेतो याचं नवल करतो. आपल्या लिपीला तर तेव्हाच वेगळं हार्डवेअर लागलं होतं.

त्याच काळात इस्की हे भारतीय प्रमाण ठरलं. भारतीय मानक ब्युरोने ते १९९१ मध्ये प्रसिद्ध केलं. कल्पना साधी आणि पक्की: मेमरीत उच्चाराच्या क्रमाने अक्षरं साठवा, जोडाक्षर कसं दिसायचं ते दाखवणारा बघून घेईल. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतलेली. म्हणजे आज तुम्ही व्हॉट्सॲपवर ‘आई जेवली का’ लिहिता, त्याच्या तळाशी ते काम आहे.

पण प्रमाण कागदावर होतं. डीटीपीच्या दुकानात विंडोज होती, पेजमेकर होता आणि उद्या सकाळी द्यायची लग्नपत्रिका होती. विंडोजला शेपिंग येत नव्हतं. मग जुगाड झाला. फाँट असा बनवायचा की इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. एका जागी अर्धा क, दुसऱ्या जागी क्ष, तिसऱ्या जागी रफार. कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजी दाखवतोय, माणसाला दिसतं मराठी. कृतीदेव, शिवाजी, श्रीलिपी ही नावं घरात कुणी प्रेसमध्ये काम केलेलं असेल तर त्यांना विचारा, डोळे चमकतील.

या जुगाडाने महाराष्ट्रातली छपाई चालवली, हे मान्यच करायला हवं. पण त्याची किंमत आपण अजून मोजतोय. ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाँटशिवाय उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा. त्यात शोधता येत नाही. एका फाँटमधून दुसऱ्यात नेता येत नाही, कारण प्रत्येकाची मांडणी वेगळी. लोकांनी वर्षानुवर्षं टाइप केलेली पुस्तकं, अंक, दस्तऐवज मशीनच्या दृष्टीने मराठी नाहीतच.

मंगल आणि हार्फबझ

१९९६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि ॲडोबी यांनी ‘ओपनटाइप’ जाहीर केलं. यात मुद्दा असा की फाँटच्या आतच नियम ठेवता येतात: अमुक दोन अक्षरं जोडून आली की हा तिसरा आकार घ्या. आता फाँटमधल्या जोडाक्षराला इंग्रजी अक्षराची जागा बळकवायची गरज उरली नाही. क्ष ला युनिकोडमध्ये स्वतःचा एकटा क्रमांक नाही, पण फाँटच्या आत त्याच्या ग्लिफला क्रमांक आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे जीपीयूच्या गोष्टीत हेच कळीचं आहे.

विंडोज २००० मध्ये देवनागरी शेपिंग आलं आणि सोबत ‘मंगल’ हा फाँट आला. तो केला र. कृ. जोशी यांनी. सुलेखनकार, कवी, आयआयटी मुंबईत शिकवणारे प्राध्यापक. ज्यांनी ज्यांनी जुन्या विंडोजवर युनिकोड मराठी वाचली, त्यांनी जोशी सरांचं अक्षर वाचलं, नाव माहीत नसलं तरी.

मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूला दोन प्रकल्प महत्त्वाचे. एक फ्रीटाइप, १९९६ च्या सुमारास सुरू झालेला, जो वक्ररेषांचे ठिपके करतो. दुसरा हार्फबझ, जो शेपिंग करतो. हार्फबझ हे नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. ओपनटाइपचंच फारसी भाषांतर! त्याचे प्रमुख कर्ते बेहदाद एस्फहबोद मूळचे इराणचे. फारसीतही अक्षर शेजारी बघून आकार बदलतं, त्यामुळे ही अडचण त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आज अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सगळ्यांच्या आत हार्फबझ आहे. हा भाग तुम्ही फोनवर वाचत असाल तर बहुधा आत्ता, याच क्षणी, ते तुमच्यासाठी वेलांट्या जागेवर बसवतंय.

फोन आला, आणि पुन्हा चौकोन

प्रश्न सुटला म्हणावं तोवर मोबाइल आला. सुरुवातीच्या अनेक फोनमध्ये मराठी साइट उघडली की ओळीने रिकामे चौकोन. काही फोनमध्ये अक्षरं दिसायची पण मोडलेली.

तेव्हा ओपेरा मिनीची एक युक्ती कॉलेजच्या पोरांत तोंडोतोंडी पसरली होती. ॲड्रेसच्या जागी एक खास शब्द टाकून लपलेल्या सेटिंग उघडायच्या आणि ‘कॉम्प्लेक्स लिप्यांसाठी बिटमॅप फाँट वापरा’ याला हो म्हणायचं. मग ओपेराचा सर्व्हर अक्षरांची चित्रं काढून फोनला पाठवायचा. मजकूर नव्हे, चित्रं! मराठी वाचता यायची, पण कॉपी करायला गेलं तर हाती काहीच नाही. आणि शब्द बघा परत: कॉम्प्लेक्स. म्हणजे गुंतागुंतीची. आपल्याला नाही वाटत बुवा गुंतागुंतीची, पण नाव ठेवणाऱ्याने ठेवलं.

जीपीयूला अक्षर कळत नाही

आता आजच्या मुख्य पात्राकडे. जीपीयू मुळात त्रिकोण भरायला आणि त्यावर चित्र चिकटवायला बनलेला आहे. फाँटमधल्या वक्ररेषा त्याला थेट कळत नाहीत. मग गेमवाल्यांनी सोपा रस्ता काढला. सगळी अक्षरं आधीच एका मोठ्या चित्रावर दाटीवाटीने काढून ठेवायची. याला ‘ॲटलस’ म्हणतात. मग लिहायचं असेल तेव्हा त्या चित्रातला हवा तो चौकोन कापून स्क्रीनवर चिकटवायचा. कल्पना चांगलीच आहे. सेकंदाला ६० वेळा स्क्रीन काढायची असेल तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० वेळा काढायची असेल तर आठच्या आसपास. तेवढ्यात दर वेळी वक्ररेषा मोजत बसणं परवडत नाही.

पुढे या ॲटलसमध्ये सुधारणा होत गेल्या. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या चार्ल्स लूप आणि जिम ब्लिन यांनी वक्ररेषा जीपीयूवरच मोजायची रीत मांडली. २००७ मध्ये व्हॉल्व्ह या गेम कंपनीच्या ख्रिस ग्रीन यांनी दाखवलं की चित्रात रंगाऐवजी ‘इथून अक्षराची कड किती लांब’ हे अंतर साठवलं तर लहान चित्रातूनही मोठं, धारदार अक्षर मिळतं. फक्त कोपरे गोल व्हायचे. त्यावर २०१५ मध्ये प्रागच्या व्हिक्टर ख्लुम्स्की यांनी आपल्या प्रबंधात तीन रंगांत तीन अंतरं साठवायचा उपाय दिला. २०१७ मध्ये एरिक लेंगेल यांनी ‘स्लग’ आणलं, ज्यात ॲटलस लागतच नाही, प्रत्येक ठिपका थेट मूळ रेषांवरून ठरतो.

बघा, बारा वर्षांत किती हुशारी खर्च झाली! पण ही सगळी हुशारी शेवटच्या पायरीवर आहे. आकार धारदार कसा दिसेल यावर. कुठला आकार घ्यायचा, ती मधली पायरी, तिथे बरेच जण ‘एक खूण म्हणजे एक आकार’ हेच धरून बसले होते.

याचा स्वच्छ नमुना म्हणजे ‘डिअर इमगुई’. गेम बनवणाऱ्यांची आवडती लायब्ररी, ओमार कोर्नू यांची, आणि खरंच सुंदर काम आहे. तिच्यात ॲटलस बनवताना कुठली अक्षरं भरायची ते सांगावं लागायचं, आणि त्यासाठी तयार याद्या होत्या: ग्रीक, कोरियन, जपानी, चिनी, सिरिलिक, थाई, व्हिएतनामी. देवनागरीची यादी नाही. कुणी विसरलं म्हणून नव्हे. ती यादी करून उपयोगच नव्हता, कारण यादीत खुणांचे क्रमांक द्यायचे असतात आणि ‘क्ष’ किंवा ‘त्र’ ला एकटा क्रमांकच नाही. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते वाक्य इथे लागतं. ॲटलसचा पत्ता खुणेच्या क्रमांकावर असेल तर त्यात जोडाक्षर कधीच येणार नाही. तो पत्ता ग्लिफच्या क्रमांकावर हवा, आणि ग्लिफचा क्रमांक शेपिंग झाल्याशिवाय मिळत नाही.

मग गेममध्ये मराठी-हिंदी दाखवणाऱ्यांनी काय केलं असेल? बरोबर ओळखलंत. युनिकोड मजकूर घ्यायचा, तो कृतीदेवसारख्या मांडणीत बदलायचा, आणि जुना फाँट लावायचा. युनिटीमध्ये हा उपाय भरपूर वापरला गेला. डीटीपीच्या दुकानातला जुगाड जीपीयूवर परत! हे वाचून मी आधी हसलो. मग वाटलं, त्या काळातल्या प्रेसवाल्याची आणि आजच्या गेमवाल्याची अडचण शब्दशः एकच आहे, तर उपाय वेगळा कसा असेल?

दारं उघडतायत

चांगली बातमीही आहे. फ्लटरने, ज्यात आज आपल्याकडची कितीतरी ॲप बनतात, अक्षरं फोनच्या सिस्टिमकडून न घेता स्वतः काढायचं ठरवलं, पण आत हार्फबझ घेतलं. त्यामुळे २०२३ मध्ये आयफोनवर त्यांनी जीपीयूचं इंजिन बदलून ‘इम्पेलर’ आणलं तेव्हा वेलांट्या हलल्या नाहीत. गोडो या गेम इंजिनच्या चौथ्या आवृत्तीत, तीही २०२३ ची, मजकुराचा भाग हार्फबझ घेऊन नव्याने लिहिला गेला. आइस्डमध्ये तो ‘ॲडव्हान्स्ड’ पर्याय आला तोही अशाच एका कामामुळे: सिस्टिम७६ या कंपनीने ‘कॉस्मिक-टेक्स्ट’ नावाची लायब्ररी बनवली, ज्यात हार्फबझचाच रस्टमधला अवतार होता. आणि पुढे आइस्डमध्ये तिसरा पर्याय आला: मजकूर बघून आपोआप ठरव. निव्वळ साधी इंग्रजी अक्षरं असतील तर बेसिक, नाहीतर ॲडव्हान्स्ड.

मला हा तिसरा पर्याय फार आवडतो. वेग महत्त्वाचा आहे, मी स्वतः त्याच धंद्यात आहे, शेपिंगला वेळ लागतो हे खोटं नाही. पण त्यासाठी एकदा शेपिंग केलेल्या ओळीचा निकाल साठवून ठेवता येतो. मजकूर बदलला नाही तर पुन्हा करायची गरज नाही. जपून खर्च करायचा असेल तर असा करा, माणसाचं नाव मोडून नको.

तुमच्या हातात काय आहे

ऐकणाऱ्यांत बरेच जण कोड लिहिणारे आहात, म्हणून चार गोष्टी.

पहिली, शेपिंग चालू आहे का ते बघा. नसेल तर सगळ्यात चांगला फाँट लावूनही काही होणार नाही. चौकोन दिसले तर फाँट नाही. अक्षरं दिसतायत पण मोडलेली, तर शेपिंग नाही. हे दोन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

दुसरी, देवनागरी फाँट ॲपसोबतच द्या आणि इंग्रजी फाँटमध्ये अक्षर सापडलं नाही तर त्याच्याकडे जा असा क्रम लावा. अनेक जीपीयू फ्रेमवर्क सिस्टिममधले फाँट आपणहून शोधत नाहीत.

तिसरी, भाषा मराठी आहे हे सांगा. पाकळीचा ल आणि देठाचा श आपण शाळेत शिकलो, हिंदीत त्यांचे आकार वेगळे. काही फाँटमध्ये दोन्ही असतात, पण भाषेची खूण दिली तरच मराठी आकार मिळतात.

चौथी, चाचणीसाठी नुसतं ‘नमस्कार’ लिहून थांबू नका. कार्तिकी लिहा, क्षत्रिय लिहा, आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ शेजारी शेजारी लिहा. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. दुसऱ्यातला तो आडवा र नीट आला नाही तर अर्थच बदलतो. शेवटी मोठ्या आकारात शिरोरेषा बघा. प्रत्येक ग्लिफ वेगळा चौकोन म्हणून चिकटवला जातो, त्यामुळे सांध्यावर बारीक फट किंवा गडद रेघ दिसू शकते. इंग्रजीत हा दोष कुणाला दिसतच नाही, कारण छापील अक्षरं एकमेकांना चिकटलेली नसतात.

आणि जे कोड लिहीत नाहीत त्यांच्यासाठी एकच. एखाद्या ॲपमध्ये तुमचं नाव मोडलेलं दिसलं तर ‘चालतंय’ म्हणून सोडू नका, आणि लगेच इंग्रजी लिपीत नाव टाकून मोकळेही होऊ नका. स्क्रीनशॉट काढा, कळवा. नाव इंग्रजीत टाकलं की बनवणाऱ्याला कळतच नाही की काही बिघडलं होतं. त्याच्या आकडेवारीत मराठी वापरणारे कमी दिसतात, आणि पुढच्या यंत्रात आपण पुन्हा दारात.

कारण पुढचं यंत्र येणारच आहे. चष्म्यात येईल, गाडीच्या काचेवर येईल. ते बनवणारे आधी इंग्रजीच चालवून बघतील. त्या खोलीत त्या दिवशी एखादी कार्तिकी असेल आणि ती स्वतःचं नाव टाइप करून बघेल, तर निम्मं काम तिथेच होईल.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या फोनवर ‘दऱ्या’ कसं दिसतंय ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.